इन्शुरन्सकडे अडकलेले पैसे आणि पेशंटचा बॅलन्स: तुम्ही वेगळे कसे ठेवता?

डेस्कवरची

मंडळी, मदत हवीये. बहिणीचं आणि तिच्या पार्टनर डॉक्टरचं इथे अमेरिकेत छोटं फॅमिली क्लिनिक आहे. बिलिंग बघणारी बाई सोडून गेली, दुसरी मिळेना, मग "तू अकाउंट्सचीच आहेस ना" म्हणत ते झेंगट माझ्या गळ्यात पडलं. हिशेबाची भीती मला नाही हो, पण इतर कुठल्याही धंद्यात बिल फाडलं की कोण किती देणं लागतो ते त्याच दिवशी ठरतं. इथे बिल २४० चं, इन्शुरन्स म्हणतं १५२ च धरा, त्यातले ते किती देणार ते महिन्याभराने कळणार आणि पेशंट तोवर आणखी दोन व्हिजिट करून मोकळा.

आत्ताची परिस्थिती अशी की सॉफ्टवेअर प्रत्येक खात्यावर एकच मोठा आकडा दाखवतं आणि महिन्याच्या शेवटी सरसकट सगळ्यांना स्टेटमेंट जातं. मग फोन सुरू. "अहो इन्शुरन्सने अजून काही ठरवलंच नाहीये तर मी का भरू?" बरोबरच आहे त्यांचं. आणि उलटंही आहे, म्हणजे इन्शुरन्सने आपला वाटा कधीच दिलाय, पेशंटचा वाटा उरलाय, पण तो कोणी मागितलेलाच नाही, आणि आता मागितला तर ते म्हणतात इतके महिने काय झोपला होतात का. एजिंग रिपोर्ट (कोणती रक्कम किती दिवस थकलीये त्याची यादी) काढला तर नव्वद दिवसांच्या वरचा कॉलम सगळ्यात जाड. त्यात इन्शुरन्सचं किती, पेशंटचं किती, आणि नुसतंच पोस्टिंग (खात्यावर नोंद) राहिलेलं किती, काही पत्ता लागत नाही.

बहीण म्हणते पेशंटला तोंडावर पैसे मागणं तिला जमत नाही, इन्शुरन्सचं येऊ दे मग बघू. पार्टनर म्हणतो काउंटरवर पूर्ण घ्या, जास्त झाले तर परत देऊ. मी मध्ये सँडविच. तुमच्याकडे कसं करता?

रात्रपाळी

ताई, मी भारतातून रात्री बसून अमेरिकन क्लिनिक्सचं एआर (येणं बाकी) बघतो, म्हणजे अडकलेल्या क्लेमसाठी इन्शुरन्सवाल्यांना फोन लावत बसणं हेच काम. आधी पेशंटचा विषय बाजूला ठेवा. तो नव्वदच्या वरचा कॉलम पेशंटनुसार बघू नका, इन्शुरन्स कंपनीनुसार लावा आणि मग प्रत्येक क्लेमला एकच प्रश्न विचारा, की हा क्लेम त्यांच्याकडे पोचलाय का.

लोकांना वाटतं सॉफ्टवेअरमध्ये 'सबमिटेड' दिसलं म्हणजे पोचला. नाही हो. तुमच्याकडून तो क्लिअरिंगहाऊसला (क्लेम तपासून कंपन्यांकडे पोचवणाऱ्या मधल्या संस्थेला) जातो, तिथे एक चाळणी, मग इन्शुरन्सच्या दारात दुसरी चाळणी. मेंबर आयडीत एक आकडा चुकला, जन्मतारीख जुळली नाही, डॉक्टरचा एनपीआय (राष्ट्रीय ओळख नंबर) त्यांच्या नोंदीत नाही, की तो दारातूनच परत. याला रिजेक्शन म्हणतात आणि हे डिनायल, म्हणजे क्लेम तपासून दिलेला नकार, नाही. डिनायलचं निदान पत्र येतं, रिजेक्शनचं काहीच येत नाही, फक्त क्लिअरिंगहाऊसच्या रिपोर्टमध्ये एक ओळ असते आणि तो रिपोर्ट रोज उघडायचं काम कोणाचं हे छोट्या ऑफिसात ठरलेलंच नसतं. इन्शुरन्सला फोन केला की ते म्हणतात आमच्याकडे असा क्लेमच नाही, आणि खरंच नसतो.

हे सगळ्यात आधी बघायचं कारण टाइमली फायलिंग, म्हणजे क्लेम पाठवायची मुदत. मेडिकेअरला (मुख्यतः म्हाताऱ्यांचं सरकारी इन्शुरन्स) सर्व्हिसच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं, पण खासगी कंपन्यांचं ज्याच्या त्याच्या कॉन्ट्रॅक्टवर, काहींचं फक्त ९० दिवस. ती तारीख गेली की सीओ-२९ ('मुदत संपली' हा कोड) लावून क्लेम परत येतो. त्यातला 'सीओ' महत्त्वाचा. तुम्ही नेटवर्कमध्ये असाल, म्हणजे त्या कंपनीशी तुमचा करार असेल, तर हे पैसे तुमच्या खिशातून गेले, पेशंटकडून मागता येत नाहीत.

डेस्कवरची

अगंबाई. रोजचा रिपोर्ट वगैरे कोणी उघडत असेल असं वाटत नाही मला. लॉगिन शोधते आधी.

उंटावरचा_शहाणा

माझं स्वतःचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. सरळ सांगतो, पैसे दारातच घ्या. पेशंट समोर असतो तेव्हा पैसे येतात, एकदा घरी गेला की पत्र पाठवा, मेसेज पाठवा, फोन करा, प्रत्येक गोष्टीला खर्च आणि उत्तर नाही. तुमच्या पार्टनर डॉक्टरचं बरोबर आहे.

दातखिळी

शहाणे, 'दारात घ्या' आणि 'पूर्ण घ्या' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी डेंटल ऑफिस चालवते, आमच्याकडे तर एस्टिमेटशिवाय पान हलत नाही, पण पूर्ण फी घेऊन मग परत देण्याचा धंदा मी कधी करणार नाही. एक तर नेटवर्कमध्ये असाल तर बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये कोपे (दर व्हिजिटची ठरलेली रक्कम), डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागायच्या आधी वर्षात पेशंटने भरायची रक्कम) वगैरे पेशंटच्या वाट्यापलीकडे आधी काही घेऊच देत नाहीत. दुसरं, परत देणं कोण लक्षात ठेवणार? इन्शुरन्सचा चेक आला की सगळे खूश, पेशंटचं क्रेडिट तसंच पडून.

@डेस्कवरची, तुम्हाला खात्यावर दोन आकडे पाहिजेत, एक नाही. एक 'इन्शुरन्सकडे पेंडिंग', दुसरा 'पेशंटकडे आत्ता देय'. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, फक्त स्टेटमेंटच्या सेटिंगमध्ये कोणीतरी 'टोटल बॅलन्स' ठेवलेलं असतं. ते बदला. स्टेटमेंटवर पेंडिंग रक्कम माहितीसाठी दाखवली तरी चालेल, पण 'भरा' म्हणून ठळक अक्षरात फक्त दुसरा आकडा. अर्धे फोन त्यानेच बंद होतील.

नुसता_पेशंट

मी कुठल्या ऑफिसात नाही, पेशंट आहे. मला एका ठिकाणाहून तीन स्टेटमेंट आली, तिन्हीवर वेगवेगळे आकडे. पहिलं इन्शुरन्सच्या आधीचं, दुसरं निम्मं पोस्ट झालेलं, तिसरं खरं. मी तिसऱ्याची वाट बघत पहिली दोन फेकून दिली, आणि आता कुठल्याही क्लिनिकचं पहिलं स्टेटमेंट मी उघडतच नाही. तेव्हा लोक पैसे बुडवतात असं म्हणताना हेही बघा.

रात्रपाळी

+१. पेशंटला पहिलं बिल खोटं निघालं की पुढची सगळी खोटी वाटतात.

आकडेमोड

धागा वाचून राहवलं नाही. मी क्लिनिक्सची पुस्तकं लिहिते. ताई अकाउंट्सच्या आहेत म्हणून त्यांच्या भाषेत एक व्हिजिट मांडून दाखवते, त्यांचाच २४० चा आकडा घेऊन.

बिल २४०. इन्शुरन्सबरोबरच्या कॉन्ट्रॅक्टप्रमाणे अलाउड (मान्य दर) १५२. पेशंटचं डिडक्टिबल ६० शिल्लक, त्यापुढच्या रकमेवर को-इन्शुरन्स (पेशंटचा टक्केवारीतला वाटा) २० टक्के. तर १५२ मधले ६० पेशंटचे, उरले ९२, त्याचे २० टक्के म्हणजे १८.४० पेशंटचे, इन्शुरन्स देणार ७३.६०. ईओबीवर (इन्शुरन्सच्या हिशेबाच्या कागदावर) हे असं येईल: सीओ-४५ (करारामुळे सोडायची रक्कम) ला ८८, पीआर-१ (डिडक्टिबल) ला ६०, पीआर-२ (को-इन्शुरन्स) ला १८.४०, पेड ७३.६०. बेरीज करून बघा, २४० होते. झालीच पाहिजे, नाही झाली तर पोस्टिंग चुकलंय.

आता त्यातले ८८ हे कोणाचंच येणं नाही. ते राईट-ऑफ, म्हणजे सोडून द्यायचे. पेंडिंग म्हणून तुमच्या एजिंगमध्ये आज जो २४० दिसतोय त्यातले ८८ कधी येणारच नव्हते. म्हणूनच तो कॉलम इतका जाड दिसतो. आम्ही क्लेम टाकतानाच अलाउडच्या फी शेड्यूलने अपेक्षित रक्कम लावून ठेवतो म्हणजे डॉक्टरांना उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटत नाही 😄

पेशंटने दारात ३० दिले असतील तर त्याच्याकडे राहिले ४८.४०. आणि हे ४८.४० कोणत्या तारखेपासून म्हातारे होणार? इथे लोक गडबड करतात. व्हिजिटच्या तारखेपासून नाही, इन्शुरन्सचा निर्णय पोस्ट होऊन रक्कम पेशंटच्या नावावर गेली त्या तारखेपासून. नाहीतर इन्शुरन्सने ७० दिवस लावले की पेशंटचं पहिलंच बिल '६० दिवस थकीत' असा शिक्का घेऊन जातं, आणि मग तो चिडतो त्यात त्याचं काय चुकलं.

डेस्कवरची

आकडेमोडताई, पाय कुठे आहेत तुमचे. हे असं कोणी मांडून दाखवलंच नव्हतं. आमच्याकडे व्हिजिटची तारीखच धरलीये सगळीकडे, आत्ता तपासलं.

अजून एक शंका. सीओ आणि पीआर यातला फरक म्हणजे सीओ आपल्या डोक्यावर आणि पीआर पेशंटच्या, इतकं सोपं आहे का?

रात्रपाळी

ढोबळमानाने हो. सीओ म्हणजे कॉन्ट्रॅक्टने तुम्ही बांधलेले आहात, पीआर म्हणजे पेशंटची जबाबदारी, ओए म्हणजे बाकीचं सटरफटर. पण सीओ दिसलं की लगेच राईट-ऑफ मारायचा नाही हां. सीओ-४५ मारा. सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी, ती भरून परत पाठवायचा. सीओ-९७ म्हणजे दुसऱ्या सर्व्हिसमध्ये हे धरलंय म्हणतात, तिथे मॉडिफायर (सर्व्हिस वेगळी होती हे सांगणारा जोडकोड) राहिला असेल. सीओ-१९७ म्हणजे आधी परवानगी घेतली नाही, तिथे अपील करून बघायचं. नवखी माणसं सीओ दिसलं की डोळे मिटून शून्य करतात, रिपोर्ट एकदम स्वच्छ, मालक खूश, आणि येणारे पैसे गटारात.

आणि खासगी कंपन्यांना परत पाठवताना नवा क्लेम म्हणून पाठवू नका. दुरुस्त क्लेमला फ्रिक्वेन्सी कोड ७ (हा आधीच्या क्लेमच्या जागी, अशी खूण) लावायचा आणि मूळ क्लेमचा नंबर द्यायचा. नाहीतर ओए-१८, डुप्लिकेट म्हणून परत. हा खेळ मी इतक्या ऑफिसांत बघितलाय की विचारू नका, तोच क्लेम नव्याने टाकतात, डुप्लिकेट म्हणून परत येतो, पुन्हा टाकतात, आणि मधल्या मध्ये मुदत संपते.

उंटावरचा_शहाणा

हे सगळं ठीक. पण मूळ प्रश्नावर या. इन्शुरन्स पेंडिंग असताना पेशंटला बिल पाठवायचं की नाही? मी म्हणतो पाठवायचं. पेशंटचं इन्शुरन्स आहे, करार त्याचा आणि कंपनीचा आहे, थोडा दबाव त्यालाही जाणवू दे. तो फोन करतो तेव्हा कंपनी हलते, आपण केला तर ताटकळत ठेवते.

दातखिळी

नेटवर्कबाहेर असाल तर तुमच्या म्हणण्यात थोडा दम आहे. नेटवर्कमध्ये असाल तर नाही. तिथे करार तुमचाही आहे. कंपनीने ठरवायच्या आत पेशंटकडून डिडक्टिबल-कोपेच्या पलीकडचं मागणं म्हणजे स्वतःहून तक्रारीला आमंत्रण.

पण तुमच्या बोलण्यातला एक भाग मी घेते, तो म्हणजे काही क्लेम खरोखर पेशंटमुळेच अडकलेले असतात. सीओबी, म्हणजे दोन इन्शुरन्समधलं आधी कोणी द्यायचं हे ठरवणं. कंपनी विचारते तुमचं दुसरं इन्शुरन्स आहे का, पेशंटला पत्र पाठवते, पेशंट ते जाहिरात समजून टाकून देतो, क्लेम अडकतो. हे आपल्याला कितीही फोन केले तरी सुटत नाही, कंपनी आपलं ऐकतच नाही, मेंबरनेच सांगावं लागतं. अशा वेळी मी बिल नाही पाठवत, एक साधं पत्र पाठवते: तुमच्या कंपनीला तुमच्याकडून माहिती हवीये, कार्डामागच्या नंबरावर फोन करा, हा क्लेम नंबर, अमुक तारखेपर्यंत झालं नाही तर ही रक्कम तुमच्या नावावर जाईल. कॉन्ट्रॅक्ट तसं करू देतं का ते मात्र आधी बघून घ्या. ह्या पत्राने जितके क्लेम सुटतात तितके स्टेटमेंटने कधी सुटले नाहीत.

मुलांच्या बाबतीत तर हे फार. आईचंही इन्शुरन्स, वडलांचंही, दोघांनाही वाटतं आपलंच पहिलं. नियम असा की ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचं प्रायमरी (आधी देणारं), कोण मोठं कोण लहान याचा संबंध नाही. घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाचा आदेश आधी बघायचा. हे रिसेप्शनवर पहिल्याच दिवशी विचारलं की पुढचे दोन महिने वाचतात.

नुसता_पेशंट

ते पत्र मीही जाहिरात समजून टाकलं होतं बहुतेक 🙈

आकडेमोड

अडकण्याचं अजून एक कारण, जे कोणाच्या लक्षात येत नाही. मार्केटप्लेसवरून (सरकारी इन्शुरन्स बाजारातून) सबसिडीने घेतलेला प्लॅन असेल आणि पेशंटने प्रीमियम थकवला तर त्याला तीन महिन्यांचा ग्रेस पिरियड मिळतो. पहिल्या महिन्यातले क्लेम कंपनीला द्यावे लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातले ती रोखून धरू शकते. त्या काळात एलिजिबिलिटी (पॉलिसी चालू आहे का) तपासली तर वरवर पॉलिसी चालू दिसू शकते. पेशंटने थकबाकी भरली तर क्लेम सुटतात, नाही भरली तर पॉलिसी पहिल्या महिन्याच्या शेवटापासून रद्द आणि तो सगळा खर्च पेशंटचा. एलिजिबिलिटीच्या उत्तरात ग्रेस पिरियडचा उल्लेख शोधायची सवय लावा, दिसला तर पेशंटशी तेव्हाच बोला. प्रीमियम थकलाय हे कधी कधी त्यालाच माहीत नसतं, बँकेचं कार्ड बदललेलं असतं आणि ऑटोपे बंद पडलेलं असतं.

डेस्कवरची

रिपोर्ट! क्लिअरिंगहाऊसचं लॉगिन मिळालं. रिजेक्शनच्या पेटीत ढीग आहे. बरेचसे एकाच कंपनीचे आणि सगळ्यांचं कारण एकच, पार्टनर डॉक्टरचा टॅक्स आयडी त्यांच्याकडे जुन्या ग्रुपचा आहे. म्हणजे त्यांचा एकही क्लेम तिकडे पोचलेला नाही आणि आम्ही त्या पेशंट्सना स्टेटमेंट पाठवत बसलोय.

आणि दुसरी गंमत. फॅक्सच्या गठ्ठ्यात काही पानांवर क्रेडिट कार्डाचा नंबर छापलेला आहे, खाली लिहिलंय 'पेमेंट'. हे फसवणुकीचं आहे का? फाडून टाकू का?

रात्रपाळी

फाडू नका!! ते व्हर्च्युअल कार्ड आहे. इन्शुरन्सने क्लेमचे पैसे त्या नंबरावर दिलेत, तुमच्या कार्ड मशीनवर घालून घ्यायचे असतात आणि त्याची मुदत असते. आणि वर कार्डाची फी तुम्हालाच लागते, म्हणजे तुमचेच पैसे घ्यायला तुम्हीच कमिशन द्यायचं. त्यांच्या दृष्टीने क्लेम 'पेड' आहे, तुमच्या रिपोर्टमध्ये 'पेंडिंग' आहे, दोघंही आपापल्या जागी बरोबर. मुदत गेली असेल तर परत द्यायला सांगा, आणि त्याच फोनवर सांगा की आम्हाला हे नको, ईएफटी (पैसे थेट बँकेत) पाहिजे. ईएफटीबरोबर ईआरए (ईओबीची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती) पण लावून घ्या म्हणजे पोस्टिंग आपोआप होईल आणि चेक-फॅक्सची शोधाशोध संपेल.

टॅक्स आयडीचं आधी निस्तरा. नोंद बदलून घेतली की ते क्लेम परत पाठवायचे, आणि मुदतीत पहिल्यांदा पाठवल्याचा पुरावा म्हणून क्लिअरिंगहाऊसचा रिपोर्ट जपून ठेवा. तुमच्या सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट कोणी विचारत नाही. मात्र कंपनीच्या दारातूनच परत आलेला क्लेम काही जण 'फाइल झालाच नव्हता' म्हणतात, त्यामुळे मुदत जवळ आलेले आधी घ्या. त्या पेशंट्सची स्टेटमेंट आज थांबवा.

उंटावरचा_शहाणा

माझ्या फॅक्समध्येही बघतो म्हणतो जरा.

दातखिळी

बघा बघा 😀

ताई, बहिणीच्या भिडेबद्दल. डॉक्टरने पैसे मागूच नयेत. खोलीत तब्येत, काउंटरवर पैसे. आणि काउंटरवरही 'मागायचं' नसतं, आधी सांगायचं असतं. अपॉइंटमेंटच्या दोन दिवस आधी एलिजिबिलिटी तपासा, डिडक्टिबल किती राहिलंय ते बघा आणि फोनवर सांगा: "तुमच्या प्लॅनप्रमाणे साधारण इतके तुमच्या वाट्याला येतील, आल्यावर घेऊ, इन्शुरन्सचं उत्तर आल्यावर कमीजास्त झालं तर कळवू." 'साधारण' हा शब्द गाळू नका. आमच्याकडे मागच्या दाताला पांढरं फिलिंग केलं तर काही प्लॅन चांदीच्या फिलिंगचेच पैसे देतात, वार्षिक मर्यादा दुसऱ्या डॉक्टरकडे संपलेली असते, क्राउनचे (दातावरच्या टोपीचे) पैसे काही कंपन्या त्यासाठी दात कोरून तयार केला त्या तारखेला देतात आणि काही बसवला त्या तारखेला. प्री-डिटर्मिनेशन (कंपनीचा आधीच घेतलेला लेखी अंदाज) आणलं तरी त्याच्या तळाशी लिहिलेलं असतंच की ही पैसे देण्याची हमी नाही. एस्टिमेट चुकणारच. पेशंटला ते आधी माहीत असेल तर तो भांडत नाही.

डेस्कवरची

बहीण काही जुन्या पेशंट्सना कोपे माफ करते. "जाऊ दे गं, गरीब आहेत." त्याचं काय?

आकडेमोड

सरसकट माफी थांबवा. खासगी प्लॅनमध्ये तो कॉन्ट्रॅक्टचा भंग, आणि मेडिकेअरमध्ये तर नेहमी कोपे सोडून देणं हे पेशंट खेचण्यासाठी दिलेली लाच धरलं जाऊ शकतं. यावर १९९४ पासून सरकारचा जाहीर इशारा आहे. खरोखर अडचण असेल तर माफी देता येते, पण माणूस बघून, त्याच्या उत्पन्नाची माहिती घेऊन, लेखी नोंद ठेवून. एक पानी फॉर्म करा आणि एक धोरण लिहा, म्हणजे बहिणीचं मनही राखलं जाईल आणि तिची मानही वाचेल.

याच्या उलट एक गट आहे ज्याला बिल पाठवायचंच नसतं. मेडिकेअर आहे आणि मेडिकेडकडून (गरिबांच्या सरकारी इन्शुरन्सकडून) क्यूएमबी (मेडिकेअरमधला पेशंटचा वाटा भरायची मदत) मिळालंय अशा पेशंटकडून मेडिकेअरचं डिडक्टिबल, को-इन्शुरन्स काही मागता येत नाही. मेडिकेडने शून्य दिले तरीही. ही माणसं भीतीपोटी कुठून तरी पैसे आणून भरतात आणि तुम्हाला ते परत द्यावे लागतात. एलिजिबिलिटीत क्यूएमबी दिसलं की खात्यावर लाल खूण करा.

रात्रपाळी

मेडिकेअरवरून आठवलं. सेकंडरी (नंतर देणारं दुसरं) इन्शुरन्स असलेल्यांचं मेडिकेअरकडून उत्तर आलं की लगेच २० टक्के पेशंटला पाठवू नका. रेमिटन्सवर (मेडिकेअरच्या हिशेबाच्या कागदावर) एमए-१८ हा कोड दिसला म्हणजे क्लेम आपोआप पुढे सेकंडरीला गेलाय. तिकडचं उत्तर येऊ द्या. ते दिसलं नाही तर आपल्याला पाठवावा लागतो, आणि इथेच विसरतात लोक. प्रायमरी पेड म्हणून क्लेम बंद, आणि सेकंडरीचे पैसे पेशंटच्या बॅलन्समध्ये जाऊन बसतात.

इलेक्ट्रॉनिक क्लेम स्वच्छ असेल तर मेडिकेअर १३ दिवसांच्या आत पैसे सोडत नाही आणि ३० दिवसांच्या वर गेलं तर व्याज देतं. तेव्हा दहाव्या दिवशी फोन करण्यात अर्थ नाही. खासगी कंपन्यांसाठी बऱ्याच राज्यांत ३० ते ४५ दिवसांत निकाल लावायचे कायदे आहेत, मात्र मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठी स्वतःच्या पैशातून चालवतात त्या प्लॅन्सना राज्याचे कायदे सहसा लागू होत नाहीत. म्हणून मी स्वच्छ क्लेमला साधारण तिसाव्या दिवशी हात लावतो. आधी पोर्टल, मग फोन. फोनवर नाव, रेफरन्स नंबर, आणि 'पुढचं कधी बघू' ही तारीख, तिन्ही त्याच क्लेमच्या नोंदीत. 'इन प्रोसेस' एवढंच लिहून ठेवणाऱ्याला माझ्या टीममध्ये शिव्या पडतात.

उंटावरचा_शहाणा

आणि पेशंट देतच नाही त्याचं? सगळे इन्शुरन्सवरच बोलताय. तीन स्टेटमेंट, एक फोन, मग कलेक्शन एजन्सी, असं मी करतो.

दातखिळी

छोट्या रकमेला एजन्सी परवडत नाही आणि आता तितका वचकही नाही. तीन मोठ्या क्रेडिट ब्युरोंनी (लोकांच्या कर्ज-थकबाकीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांनी) २०२३ पासून ५०० डॉलरखालचं मेडिकल कलेक्शन रिपोर्टमधून काढूनच टाकलंय, आणि त्यावरचंही एक वर्ष होईपर्यंत दाखवत नाहीत. मी हप्ते लावून देते. कार्ड फाइलवर, लेखी संमती, दर महिन्याला ठरलेली रक्कम. ज्याला ४०० एकदम जमत नाहीत त्याला ५० जमतात. आणि एजन्सीकडे द्यायच्या आधी ते खातं एकदा माणसाने उघडून बघायचं, इन्शुरन्सचं काही पेंडिंग तर नाही ना, क्रेडिट दुसऱ्या व्हिजिटवर पडून तर नाही ना. सॉफ्टवेअरच्या भरवशावर यादी पाठवली की एक तरी भलताच माणूस त्यात जातो.

डेस्कवरची

क्रेडिट म्हणालात तर, आमच्या रिपोर्टमध्ये मायनसमधली खाती पण आहेत. एकूण बेरजेत ती वजा होतात म्हणून पार्टनर म्हणतो राहू दे, बॅलन्स कमी दिसतो.

आकडेमोड

नाही!! तीच आधी काढा. ते पैसे तुमचे नाहीत. प्रत्येक मायनस उघडून ठरवा, पेशंटने जास्त दिले, की इन्शुरन्सने दोनदा दिले, की राईट-ऑफ चुकून जास्त मारला आणि क्रेडिट खोटंच आहे. तिसरा प्रकार खूप निघतो. मेडिकेअरचे जास्तीचे पैसे निघाले तर ते कळल्यापासून ६० दिवसांत परत द्यायचे, हा कायदा आहे. पेशंटचे असतील आणि त्याची दुसरी रक्कम देय नसेल तर चेक पाठवा, पत्ता लागला नाही तर राज्याच्या बेवारस मालमत्तेच्या नियमाप्रमाणे ठराविक काळाने सरकारजमा करावे लागतात. 'जुनं क्रेडिट' म्हणून उत्पन्नात ओढून घ्यायचे नाहीत. आणि एजिंग रिपोर्ट छापताना क्रेडिट वेगळं छापा, मग बघा पार्टनरचा चेहरा.

नुसता_पेशंट

तज्ज्ञ मंडळी आहातच तर माझं एक सांगा. माझ्या ईओबीवर 'पेशंट रिस्पॉन्सिबिलिटी' ७२ लिहिलंय आणि क्लिनिकचं बिल ११० चं आलंय. कोणाचं खरं?

रात्रपाळी

क्लिनिक नेटवर्कमध्ये आहे आणि दोन्ही कागदांवर तीच तारीख, तीच सर्व्हिस असेल तर ७२. आधी तेवढंच बघा, कारण बऱ्याचदा ११० मध्ये दुसऱ्या व्हिजिटचे मिसळलेले असतात किंवा लॅबचं बिल वेगळं असतं. मग क्लिनिकला फोन करा, रिसेप्शनला नाही, बिलिंगला मागा, ईओबीवरचा क्लेम नंबर सांगा आणि विचारा की सीओ-४५ चं ॲडजस्टमेंट पोस्ट झालंय का. एवढं बोललात की पलीकडचा माणूस सरळ बसतो.

नुसता_पेशंट

केला फोन. ७२ च. ३८ चं ॲडजस्टमेंट राहिलं होतं म्हणे, नवीन स्टेटमेंट पाठवतायत.